एप्समचें कडू मीठ आणि हृदयाचा ताल

मनुष्याच्या शरीरांत जन्मापूर्वीपासून मरणापर्यंत एका दिवसाचीहि रजा न घेतां राबणारा चाकर म्हणजे हृदय. दिवसाकाठीं सुमारें एक लक्ष ठोके तें देतें, आणि धन्याला त्यांतल्या एकाचीहि वार्ता लागत नाहीं. परंतु एखादा ठोका चुकला, एखादा आगाऊ पडला, किंवा सारेच ठोके दावें तोडलेल्या गुरांप्रमाणें वाटेल तसे धांवूं लागले, म्हणजे माणसाचें सारें चित्त छातीकडे लागतें. अन्न गोड लागत नाहीं, डाव्या कुशीवर झोंप येत नाहीं, आणि मनांत नाना शंका उभ्या राहतात. अशा वेळीं कोणी आप्त किंवा शेजारी सांगतो, "मॅग्नेशियमच्या गोळ्या घेऊन पाहा, स्वस्त आहेत, निरुपद्रवी आहेत, पुष्कळांना गुण आला आहे." हा सल्ला अगदींच निराधार आहे असें नाहीं, आणि पूर्णपणें साधार आहे असेंहि नाहीं. त्यांत सत्य किती आणि आशा किती हें समजून घ्यावयाचें तर या क्षाराचा हृदयाशीं संबंध कसा जुळला, कोठें टिकला आणि कोठें तुटला, हा सुमारें चारशें वर्षांचा इतिहास पाहिला पाहिजे.

लंडनच्या दक्षिणेस एप्सम नांवाचें एक गांव आहे. १६१८ सालीं अवर्षणाच्या दिवसांत हेन्री विकर नांवाच्या शेतकऱ्याला तेथील माळावर पाण्याचा एक खळगा आढळला, अशी परंपरागत कथा आहे. त्यानें तो खणून मोठा केला. परंतु तहानलेल्या गुरांनींहि त्या पाण्यास तोंड लावलें नाहीं, इतकें तें कडू होतें. पुढें त्या पाण्यानें अंगावरचे फोड बरे होतात व पोट साफ होतें असा अनुभव आला, आणि ज्या पाण्याकडे गुरांनीं पाठ फिरविली तें पिण्यासाठीं लंडनचे शिष्ट लोक गाड्या जोडून येऊं लागले. रोजनिशीमुळें प्रसिद्धि पावलेला सॅम्युएल पेपिस हा १६६७ सालीं तेथें जाऊन तें पाणी पिऊन आला. १६९५ सालीं नेहेमाया ग्रू या विद्वानानें त्या पाण्यांतून निघणाऱ्या कडू क्षारावर लॅटिन भाषेंत ग्रंथ लिहिला, आणि १६९८ सालीं तो क्षार तयार करण्याची राजसनदहि मिळविली. तेव्हांपासून एप्समचें मीठ युरोपांतील औषधांच्या कपाटांत जाऊन बसलें. त्याचें काम एकच होतें, आणि तें म्हणजे जुलाब. हृदयाशीं त्याचा कांहीं संबंध असेल, हें त्या काळीं कोणाच्या स्वप्नांतहि आलें नव्हतें.

रसायनशास्त्रज्ञांनीं मात्र या क्षाराचा पाठपुरावा सोडला नाहीं. एडिंबरोचा जोसेफ ब्लॅक हा मूतखड्यावर सौम्य औषध शोधीत असतां पांढऱ्या मॅग्नेशियाकडे वळला, आणि हा पदार्थ चुन्याहून भिन्न आहे असें त्यानें १७५५ सालीं सिद्ध केलें. त्यांतून निघणारा वायु म्हणजेच आज ज्यास कार्बन डायऑक्साइड म्हणतात तो. १८०८ सालीं हंफ्री डेव्ही यानें विद्युत्प्रवाहाच्या साह्यानें त्या क्षारांतील धातु वेगळा काढला. ग्रीस देशांतील मॅग्नेशिया या प्रांताच्या नांवावरून त्याला मॅग्नेशियम हें नांव मिळालें. विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मन शास्त्रज्ञ रिखार्ड विल्श्टेटर यानें वनस्पतींच्या हिरव्या रंगाच्या मुळाशीं हाच धातु आहे असें दाखविलें. पालेभाजीच्या प्रत्येक पानांत मॅग्नेशियम असतें तें याच कारणानें. पुढें १९२६ सालीं लेरॉय यानें उंदरांवर प्रयोग करून प्राण्यांनाहि त्यावांचून चालत नाहीं हें सिद्ध केलें. आणि १९३२ सालीं अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत क्रूस, ओरेंट व मॅक्कॉलम यांनीं मॅग्नेशियमरहित अन्नावर वाढविलेले उंदीर कसे अतिसंवेदनशील होतात, त्यांना झटके कसे येतात आणि ते कसे मरतात याचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. जुलाबाचें मीठ अशा रीतीनें जीवनावश्यक द्रव्यांच्या पंक्तीस येऊन बसलें.

इकडे हृदयाच्या तालाचा अभ्यास निराळ्याच वाटेनें चालला होता. नाडीवर बोटें ठेवून प्रकृति जाणण्याची विद्या सर्वच देशांत प्राचीन आहे; परंतु नाडी अनियमित कां होते, हें बोटांना सांगतां येत नाहीं. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं हें कोडें उलगडूं लागलें, आणि त्याचें पुष्कळसें श्रेय कोणा मोठ्या विद्यापीठांतील आचार्यांस नसून बर्न्ली नामक एका गिरणगांवांत वैद्यकी करणाऱ्या जेम्स मॅकेंझी यांस आहे. मनगटाची नाडी व मानेंतील शिरेचें स्पंदन एकाच वेळीं कागदावर उमटविणारें एक यंत्र त्यांनीं सिद्ध केलें, आणि तेच तेच रुग्ण वर्षानुवर्षें तपासून १९०२ सालीं नाडीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनीं शिकविलेली गोष्ट साधी पण फार मोलाची होती. ती ही, कीं अनियमित नाडी हा एकच रोग नव्हे. कांहीं आगाऊ ठोके निरोगी माणसाच्या छातींतहि पडतात व आयुष्यभर त्यांपासून कांहीं अपाय होत नाहीं. उलट दुसऱ्या कांहीं प्रकारची अनियमितता ही हृदय थकल्याची खूण असते.

याच सुमारास हॉलंडांतील लायडेन येथें विलेम आइन्थोव्हेन यांनीं अतिसूक्ष्म तारेच्या विद्युन्मापक यंत्रानें हृदयाचे विद्युत्-आलेख घेण्यास आरंभ केला. त्याबद्दल त्यांना १९२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. या आलेखाच्या आधारें १९०९ सालीं लंडनांत टॉमस लुइस यांनीं, आणि व्हिएन्नांत रोथबर्गर व विंटरबर्ग यांनीं, मॅकेंझींस अनाकलनीय वाटलेली एक अनियमितता ओळखली. तींत हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन पावण्याऐवजीं नुसते थरथरत असतात, आणि खालच्या कप्प्यांकडे येणारे हुकूम कोणत्याहि क्रमाशिवाय येतात. आज वैद्यक ज्यास एट्रियल फिब्रिलेशन म्हणतें तें हेंच. वृद्धांमध्यें तें फार आढळतें.

रोग ओळखला, परंतु औषध कोणतें? एक औषध जुनेंच होतें. इंग्लंडांतील विल्यम विदरिंग या वैद्यानें १७८५ सालीं फॉक्सग्लोव्ह म्हणजे डिजिटॅलिस या वनस्पतीवर ग्रंथ लिहिला होता. तिच्या पानांनीं धांवतें हृदय मंदावतें व सूज उतरते. परंतु मात्रा थोडी अधिक झाली तर तेंच औषध विष होऊन नवा तालबिघाड उत्पन्न करतें. दुसरें औषध एका रुग्णानें आपल्या डॉक्टरास शिकविलें. १९१२ सालीं डच हृदयवैद्य वेंकेबाख यांच्याकडे एक व्यापारी आला. आपल्या छातींतील धडधड आपण स्वतः थांबवूं शकतों, असें तो म्हणाला. डॉक्टरांनीं विश्वास ठेवला नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो नियमित नाडी घेऊन हजर झाला. त्यानें हिंवतापाच्या क्विनीनची एक ग्रॅम मात्रा घेतली होती. त्यावरूनच पुढें क्विनिडीन हें औषध निघालें. या प्रसंगानें वैद्यांच्या मनावर एक गोष्ट ठसली, कीं रुग्णाचा अनुभव हंसण्यावारी नेण्याजोगा नसतो. आणि तो खरा कीं योगायोग, हें तपासून पाहण्याचा भारहि वैद्यावरच असतो. मॅग्नेशियमच्या पुढील कथेंत या दोन्ही गोष्टींचा प्रत्यय येतो.

मॅग्नेशियम हृदयापर्यंत पोंचलें तें पोटाच्या मार्गानें नव्हे, तर शिरेच्या मार्गानें. १९०५ सालापासून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत सॅम्युएल मेल्ट्झर व जॉन आउअर हे दोघे मॅग्नेशियमचा क्षार जनावरांस टोंचून पाहत होते. टोंचतांच जनावर निपचित पडे, स्नायु ढिले होत, आणि मात्रा वाढली तर श्वास बंद होई. परंतु लगेच कॅल्शियमचें द्रावण शिरेंतून दिलें कीं तेंच जनावर पाहतां पाहतां उठून बसे. या दोन द्रव्यांचें असें हें वैर जगापुढें आलें. त्यापूर्वींच, १८८३ सालीं, लंडनच्या सिडने रिंगर यांनीं बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून कॅल्शियमवांचून हृदय ठोका देऊं शकत नाहीं हें दाखविलेंच होतें. आतां कॅल्शियम जर हृदयाला चाबूक मारणारें, तर त्याचा प्रतिपक्षी मॅग्नेशियम हा लगाम खेंचणारा ठरावा, असा तर्क स्वाभाविक होता.

तो तर्क रुग्णाच्या खाटेपाशीं खरा करून दाखविण्याचा मान व्हिएन्नाच्या त्स्विलिंगर या डॉक्टरांकडे जातो. १९३५ सालीं त्यांनीं मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे तेंच एप्समचें मीठ, शुद्ध स्वरूपांत शिरेवाटे दिलें, आणि डिजिटॅलिसच्या अतिरेकानें बिघडलेला ताल त्यामुळें सुधारतो असें त्यांना आढळलें. १९४३ सालीं अमेरिकेंत बॉइड व शेर्फ यांनीं एकाएकीं येणाऱ्या तीव्र धडधडीच्या झटक्यांवर तोच उपाय करून पाहिला. कित्येकांचा झटका थांबला. परंतु परिणाम अल्पकाळ टिकणारा होता. पुढें नवीं नवीं औषधें निघालीं. रक्तांतील मॅग्नेशियम मोजणें हें त्या काळीं मोठें कटकटीचें काम असल्यामुळें तें कोणाच्या शरीरांत कमी आहे हेंहि सहज कळत नसे. १९५५ सालीं ऑस्ट्रेलियांत ॲलन वॉल्श यांनीं धातूंचें प्रमाण प्रकाशशोषणावरून मोजण्याची रीति काढली, तेव्हां ही अडचण दूर होऊं लागली. तोंपर्यंत कडू मीठ पुन्हां आपल्या कपाटांत जाऊन बसलें होतें.

तें तेथून बाहेर येण्यास कारण झालें एक नवें औषधच. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लघवी वाढवून शरीरांतलें फाजील पाणी काढून टाकणाऱ्या गोळ्या प्रचारांत आल्या. रक्तदाब व हृदयाची दुर्बलता यांवर त्या वरदान ठरल्या. परंतु पाण्याबरोबर पोटॅशियम व मॅग्नेशियम हेहि त्या वाहून नेत. ज्याचें हृदय दुबळें, त्यालाच डिजिटॅलिस मिळे. त्यालाच या गोळ्या मिळत. गोळ्यांनीं क्षार कमी होत. आणि क्षार कमी झाले म्हणजे डिजिटॅलिस अधिक विषारी होई. असें तें दुष्टचक्र होतें. शिवाय असेंहि आढळलें, कीं कित्येक रुग्णांस कितीहि पोटॅशियम दिलें तरी तें शरीरांत टिकत नाहीं. आधीं मॅग्नेशियमची उणीव भरून काढावी, तेव्हांच तें टिकतें. याचें कारण असें, कीं हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या आवरणांत क्षारांच्या कणांसाठीं सूक्ष्म दारें असतात. पोटॅशियम आंत ठेवणारा पंप मॅग्नेशियमवांचून नीट चालत नाहीं, आणि कॅल्शियमच्या दारावर मॅग्नेशियम पहारेकऱ्यासारखें उभें असतें. पहारेकरी गैरहजर राहिला म्हणजे हृदयाच्या विद्युत्प्रवाहाची शिस्त बिघडते, व नको त्या वेळीं ठोका उमटतो. अधिक मद्यपान, दीर्घकाळचे जुलाब, मधुमेह, आणि आम्लपित्तावर वर्षानुवर्षें घेतल्या जाणाऱ्या कांहीं गोळ्या यांनींहि ही उणीव होते. आम्लपित्ताच्या त्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्यानें २०११ सालीं सर्वांना सावध केलें.

एक अडचण मात्र आजहि आहे. प्रौढ माणसाच्या शरीरांत सुमारें २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतें. त्यांतील अर्ध्याहून अधिक हाडांत, आणि उरलेलें बहुतेक स्नायु व इतर पेशींत असतें. रक्तद्रवांत शेंकडा एकाहूनहि कमी असतें. म्हणून रक्त तपासून आलेला आंकडा हा घरांतील धान्याचा अंदाज उंबरठ्यावर सांडलेल्या दाण्यांवरून करण्यासारखा आहे. आंकडा कमी आला तर उणीव खरी. पण तो ठीक आला म्हणून कोठार भरलेंच आहे असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं.

मॅग्नेशियमचा सर्वांत निर्विवाद विजय एका विशिष्ट तालबिघाडावर झाला. १९६६ सालीं पॅरिसचे डॉक्टर देसर्तेन यांनीं एका वृद्ध स्त्रीच्या आलेखांत एक विलक्षण आकृति पाहिली. आलेखाचीं टोकें एका अक्षाभोंवतीं पीळ घातल्यासारखीं वर-खालीं फिरत होतीं. त्यांनीं तिला 'टोर्साद द पॉइंट', म्हणजे टोंकांचा पीळ, असें नांव दिलें. हा बिघाड कित्येकदां औषधांमुळेंच होतो, आणि तो न थांबल्यास मृत्यु येतो. १९८८ सालीं जेरुसलेमचे त्सिव्होनी व त्यांचे सहकारी यांनीं अशा १२ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. दोन ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट शिरेवाटे देतांच ९ जणांचा पीळ एक ते पांच मिनिटांत सुटला. उरलेल्या तिघांचा दुसऱ्या मात्रेनें सुटला. त्याच वैद्यांनीं वरवर तशाच दिसणाऱ्या, परंतु मुळांत निराळ्या असलेल्या बिघाडाच्या पांच रुग्णांसहि हें औषध दिलें, तेव्हां त्यांना त्याचा उपयोग झाला नाहीं. मॅकेंझींनीं शिकविलेला धडा येथें पुन्हां खरा ठरला: बिघाड ओळखल्यावांचून औषध नाहीं. आज जगांतील इस्पितळांत हा पीळ दिसतांच प्रथम जें औषध हातीं घेतात, तें एप्समचें मीठच होय. वरच्या कप्प्यांची थरथर अति वेगानें चालली असतां, नेहमींच्या औषधांच्या जोडीला हा क्षार शिरेवाटे दिल्यास वेग आटोक्यांत येण्यास साह्य होतें, असेंहि ट्युनिशियांतील डॉक्टरांनीं ४५० रुग्णांवर केलेल्या व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलें.

या यशानें आशा फुलल्या. हृदयाची रक्तवाहिनी तुंबून जो झटका येतो, त्यांत पुष्कळ रुग्ण तालबिघाडानेंच दगावतात. मग सर्वच रुग्णांस हें स्वस्त मीठ कां देऊं नये? १९९१ सालीं सात लहान लहान प्रयोगांचे आंकडे एकत्र करून पाहण्यांत आले. एकंदर १३०१ रुग्णांत, मॅग्नेशियम मिळालेल्यांपैकीं शेंकडा ३.८ मरण पावले, आणि न मिळालेल्यांपैकीं शेंकडा ८.२, तीव्र तालबिघाडहि कमी झालेले दिसले. १९९२ सालीं इंग्लंडांतील लेस्टर येथील २३१६ रुग्णांच्या प्रयोगानें याला दुजोरा दिला. अठ्ठावीस दिवसांत मॅग्नेशियमच्या गटांत ९० मृत्यु झाले, आणि दुसऱ्या गटांत ११८. नामवंत वैद्य या उपायाला परिणामकारक, निर्धोक, सोपा आणि स्वस्त अशीं विशेषणें लावूं लागले. गरिबांतल्या गरीब देशालाहि परवडेल असें औषध सांपडलें, असा आनंद सर्वत्र पसरला.

परंतु १९९५ सालीं 'आयसिस-४' या प्रचंड प्रयोगाचा निकाल लागला. त्यांत ५८,०५० रुग्ण होते. कोणास मॅग्नेशियम द्यावें व कोणास नाहीं, हें केवळ चिठ्ठी टाकल्याप्रमाणें ठरविण्यांत आलें होतें. मॅग्नेशियम मिळालेल्या गटांत २२१६ मृत्यु झाले, आणि न मिळालेल्या गटांत २१०३. लाभ कांहींच नव्हता. झाला असेल तर किंचित् अपायच. पुष्कळांनीं हा निकाल मानला नाहीं. औषध उशीरां दिलें गेलें, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो आक्षेप निव्वळ हट्टाचा नव्हता. म्हणून 'मॅजिक' नांवाचा तिसरा प्रयोग मुद्दाम रचण्यांत आला. त्यांत झटका येऊन सहा तासांच्या आंत औषध दिलें गेलें, आणि ६२१३ रुग्णांचा निकाल २००२ सालीं प्रसिद्ध झाला. एका गटांत शेंकडा १५.३ मृत्यु, दुसऱ्यांत शेंकडा १५.२. वाद मिटला.

मग आधींचे सात प्रयोग खोटे होते काय? खोटे नव्हते, लहान होते. लहान प्रयोगांत दैवाचा हात मोठा असतो. शिवाय ज्यास यश येतें तो आपला प्रयोग छापतो, आणि ज्यास येत नाहीं तो तो कपाटांत ठेवून देतो. छापलेल्यांचीच बेरीज केली तर ती साहजिकच गोड येते. पूर्वीचे ज्योतिषी खरीं ठरलेलीं भाकितें सांगत आणि चुकलेलीं विसरून जात. तसाच हा प्रकार, फक्त यांत कोणाचा लबाडीचा हेतु नव्हता. आश्चर्याची गोष्ट अशी, कीं त्याच २००२ सालीं याच क्षारानें त्याच कसोटीवर एक मोठें यश मिळविलें. गरोदरपणीं रक्तदाब वाढून स्त्रियांना जे झटके येतात, त्यांवर हिंदुस्थानासह ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर प्रयोग झाला. मॅग्नेशियम न मिळालेल्या गटांत ९६ स्त्रियांना झटके आले; मिळालेल्या गटांत अवघ्या ४०. क्षार तोच, कसोटी तीच. एकीकडे निकाल नकाराचा, दुसरीकडे होकाराचा. कसोटीला कोणाची आवड-निवड नसते, आणि म्हणूनच तिच्या होकारास किंमत असते.

आतां उरतो तो प्रश्न गोळीचा. वरील सारे पराक्रम शिरेवाटे, इस्पितळांत, आलेखावर डोळा ठेवून दिलेल्या औषधाचे आहेत. तोंडानें घेतलेल्या गोळींतील मॅग्नेशियमचा कांहीं भागच आंतड्यांतून शोषला जातो, आणि शोषलेलें जास्त झालें तर निरोगी मूत्रपिंड तें लघवीवाटे टाकून देतें. १९९७ सालीं जर्मनींत वारंवार आगाऊ ठोके पडणाऱ्या २३२ रुग्णांना तीन आठवडे तोंडावाटे मॅग्नेशियम व पोटॅशियम देऊन पाहिलें. आगाऊ ठोके मध्यम मानानें शेंकडा १७.४ नीं कमी झाले. परंतु रुग्णांचा त्रास कमी झाला नाहीं, व एकामागून एक येणाऱ्या ठोक्यांच्या तीव्र झटक्यांतहि फरक पडला नाहीं. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, विजेच्या धक्क्यानें थरथर थांबविलेल्या रुग्णांस मॅग्नेशियमच्या गोळ्या देण्यांत आल्या. थरथर परत येण्याचें थांबलें नाहीं. ठोके थोडे कमी झाले म्हणजे आयुष्य वाढलेंच, असेंहि समजूं नये. १९८९ सालीं अमेरिकेंतील एका प्रयोगांत आगाऊ ठोके उत्तम रीतीनें दाबणारीं दोन नामांकित औषधें घेणाऱ्या हृदयरुग्णांतच मृत्यु दुपटीहून अधिक आढळले, तेव्हां साऱ्या वैद्यकजगताचे डोळे उघडले होते.

याच्या उलट बाजूसहि पुरावा आहे, आणि तो झांकून ठेवणें अन्यायाचें होईल. अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम गांवच्या ३५३० रहिवाशांची पाहणी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तांत मॅग्नेशियम सर्वांत कमी होतें, त्यांच्यांत वरच्या कप्प्यांची थरथर पुढें सुमारें दीडपट प्रमाणांत आढळली. अमेरिकेंतच कांहीं प्रौढ स्त्रियांना मुद्दाम मॅग्नेशियम कमी असलेलें अन्न देऊन पाहिलें, तेव्हां त्यांतील कांहींजणींचा ताल बिघडला आणि मॅग्नेशियम पुन्हां सुरू करतांच तो सुधारला. यांवरून निष्कर्ष निघतो तो असा, कीं उणीव ही हृदयास घातक आहे, आणि ती भरून काढणें हा खरा उपचार आहे. परंतु जेथें उणीव नाहीं तेथें भर घालून हृदय अधिक शिस्तीचें होतें, याला आजवर भक्कम आधार मिळालेला नाहीं. रोपाला पाणी हवें असतें. म्हणून रोज घागर ओतल्यानें फळें दुप्पट येत नाहींत.

ही उणीव टाळण्याचा पहिला मार्ग ताटांतूनच जातो. हिरव्या पालेभाज्या, बाजरी, ज्वारी, डाळी, तीळ, शेंगदाणे यांत मॅग्नेशियम विपुल आहे. धान्य फार सडलें व पांढरें केलें म्हणजे तें कोंड्याबरोबर निघून जातें. गोळी घ्यावयाचीच असेल तर रक्त व मूत्रपिंड तपासून, डॉक्टरांच्या सांगण्यावरून घ्यावी. १९९७ सालीं अमेरिकेंतील तज्ज्ञमंडळानें प्रौढांसाठीं अशा वरून घेतलेल्या मॅग्नेशियमची मर्यादा दिवसाला ३५० मिलिग्रॅम ठरविली. ती ओलांडली कीं एप्समच्या खळग्याचा मूळ गुण पोटास कळूं लागतो. ज्याचें मूत्रपिंड दुबळें आहे, त्याच्या शरीरांत मात्र हा क्षार सांचून नाडी मंदावते, स्नायु ढिले पडतात, आणि मेल्ट्झरच्या जनावरांची अवस्था माणसालाहि येऊं शकते. निरुपद्रवी हा शब्द त्याच्यापुरता खोटा आहे.

याहून मोठा धोका गोळींत नसून गोळीनें येणाऱ्या समाधानांत आहे. वरच्या कप्प्यांची थरथर असलेल्या माणसाच्या हृदयांत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूंत जाण्याचा, म्हणजे अर्धांगवायूचा, संभव सामान्य माणसाच्या सुमारें पांचपट असतो. ती गुठळी न व्हावी म्हणून रक्त पातळ ठेवणारीं औषधें आहेत, आणि त्यांचा गुण मोठमोठ्या कसोट्यांवर उतरलेला आहे. मॅग्नेशियम त्यांची जागा घेऊं शकत नाहीं. एखाद्या गृहस्थाला गोळी घेतल्यावर धडधड कमी वाटूं लागते; तो आलेख काढीत नाहीं, डॉक्टरांकडे जात नाहीं, आणि एके सकाळीं त्याचा उजवा हात उचलत नाहीं. त्या गोळीनें त्याला अपाय केला नाहीं. तिनें त्याचे महिने घालविले. म्हणून नाडी वरचेवर अडखळूं लागली, त्याबरोबर घेरी आली, छाती दाटली किंवा शुद्ध गेली, तर पहिलें पाऊल औषधांच्या दुकानाकडे न टाकतां आलेखाच्या यंत्राकडे टाकलें पाहिजे.

१६१८ सालीं गुरांनीं नाकारलेलें तें पाणी चार शतकांत जुलाब झालें, धातु झालें, अन्नांश झालें, आणि पीळ पडलेल्या हृदयाचें जीवनदान झालें. यांतील प्रत्येक पायरी कोणीतरी नीट तपासून पाहिली म्हणूनच ती पक्की झाली, आणि जी पायरी तपासणींत ढांसळली ती वैद्यांनीं स्वतःच्या हातानें काढून टाकली. घरांतील वृद्धाच्या उशापाशीं गोळ्यांची बाटली ठेवतांना तेवढीच तपासणी आपण केली आहे काय, एवढा प्रश्न ज्याच्या मनांत येईल, त्याला या कडू मिठाचा खरा गुण आला असें म्हणावें.